आधी दिवसाढवळ्या, एकटे, रिकाम्या हाताने जा

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार.

मी मूळचा माण तालुक्यातला, धनगराचा मुलगा. सहा वर्षं झाली, डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. एच-वन-बी व्हिसावर सॉफ्टवेअरची नोकरी आहे. ऑफिसातला एक अमेरिकन मित्र शिकारी आहे. त्याने दोनदा मला नेमबाजीच्या सरावाच्या रेंजवर नेलं, रायफल चालवायला शिकवलं. तो म्हणतो, टेक्सासात कायोटीला (कोल्ह्या-लांडग्यासारखं इथलं रानजनावर) हंगामाचं बंधन नाही, परवानाही लागत नाही, शेतमालक हो म्हणाला की झालं. म्हणून नोव्हेंबरात दोन शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघे गाडी काढून कोमांची काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) फिरलो. सात घरी विचारलं. पाच जणांनी दारातूनच ‘नाही’ म्हटलं, एकाने काही न बोलता दार लावून घेतलं, एक जण शेरीफला, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाला, फोन करतो म्हणाला. आमच्या रंगाकडे बघून असं होतंय का? लहानपणी लांडग्याने आमच्या कळपातली मेंढरं नेलेली मी पाहिली आहेत. शेतकऱ्याचं दुखणं मला कळतं. मग परवानगी मागायची तरी कशी?

– फ्रिस्कोहून एक वाचक

उत्तर :

भाऊ, नमस्कार.

परवानगीचं नंतर बोलू. त्याआधी एक गोष्ट, कारण ती आजच्या आज बघायची आहे.

तुमच्या मित्राने सांगितलेलं त्याच्यापुरतं बऱ्याच अंशी खरं आहे. टेक्सासात कायोटीला बंद हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, आणि खाजगी जमिनीवर रात्रीही शिकार चालते. गुराढोरांवर, शेळ्यामेंढ्यांवर हल्ला करणाऱ्या किंवा नुकताच केलेल्या कायोटीसाठी शिकार परवान्यातून सूटही आहे. पण तुमचा मित्र अमेरिकेचा नागरिक आहे आणि तुम्ही एच-वन-बीवर आहात. इथल्या केंद्रीय कायद्यानुसार नॉनइमिग्रंट, म्हणजे एच-वन-बीसारख्या ठरावीक मुदतीच्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. त्यातून सुटायच्या मोजक्या वाटा आहेत. त्यातली तुमच्या उपयोगाची एकच, ती म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदत चालू असलेला शिकार परवाना. म्हणजे ज्या कागदाची मित्राला काही वेळा गरज नसते, त्याच कागदावर तुमचं बंदूक हातात धरणं कायदेशीर ठरतं. बंदूक मित्राची आहे, मी फक्त चालवली, ही सबब इथे चालत नाही. रेंजवरही नाही. त्या दोन वेळी तुमच्याकडे परवाना नसेल तर इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून घ्या, आणि परवाना हातात येईपर्यंत बंदुकीला हात लावू नका.

परवाना काढणं अवघड नाही. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, तो प्रौढांना ऑनलाइन करता येतो. सलग सहा महिन्यांहून जास्त टेक्सासात राहिलेला माणूस रहिवासी धरला जातो आणि रहिवाशाचा साधा शिकार परवाना २५ डॉलरना मिळतो. एक मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा. कधीही काढा, हा परवाना ३१ ऑगस्टला संपतो. पुढे स्वतःची रायफल घेतलीत आणि १ सप्टेंबरला नवा परवाना काढायचा राहिला, तर कपाटात नुसती ठेवलेली बंदूकही तुम्हाला अडचणीत आणू शकते. ग्रीन कार्ड मिळालं की ही अट उरत नाही. तोपर्यंत डोळ्यांत तेल घालून सांभाळा.

आता तुमच्या सात घरांकडे येते.

मी गेली बावीस वर्षं स्टीफनव्हिलच्या आसपास मोठ्या जनावरांची डॉक्टर आहे. एराथ, कोमांची, मिल्स या काउंट्यांतली बरीचशी फाटकं मी उघडली आणि बंद केली आहेत. तुमचं पत्र वाचताना त्या घरातला माणूस मला दिसत होता. दिवस मावळतोय. बाई स्वयंपाकघरात आहे. सर्वांत जवळचं घर मैलभर लांब. आणि अनोळखी गाडीतून चार तरुण उतरून बंदुकीबद्दल बोलतायत. ते चौघे गोरे असते तरी निम्म्या लोकांनी दार लावलंच असतं. रंगाचा काही संबंध नव्हता असं मी म्हणणार नाही. मीही सुरुवातीची दोन वर्षं ‘डॉक्टर कुठे आहे?’ हा प्रश्न डॉक्टर म्हणून उभी असताना ऐकला आहे. पण सातही नकारांचा अर्थ तोच लावलात तर बदलता येण्यासारखं जे आहे तेही बदलायचं राहून जाईल.

आणि तुम्ही गेलात कधी, तर नोव्हेंबरात! हरणांचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. टेक्सासातली सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी आहे, त्यामुळे शिकारी मंडळी अख्ख्या हंगामासाठी रँच भाड्याने घेतात. त्याला इथे डिअर लीज म्हणतात. कित्येक घरांत त्या पैशातून जमिनीचा कर भरला जातो. हजारो डॉलर मोजून मचाणावर बसलेल्या माणसाच्या आसपास तुम्ही कायोटीसाठी शिट्ट्या वाजवत, गोळ्या झाडत फिरलात तर शेतमालकाचं गिऱ्हाईक तुटतं. त्या महिन्यांत त्याने ‘हो’ म्हणावं असं कारणच नव्हतं.

जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी बघा. हरणवाले घरी गेलेले असतात. कायोटींचा जोड्या जमवण्याचा काळ तोच, त्या दिवसांत ते आवाजाला ओ देतात. आणि गाई, मेंढ्या, शेळ्या विण्याचे दिवस बहुतेक ठिकाणी तेव्हाच लागतात. शेतमालक स्वतःच रात्री दोनदा उठून बॅटरी घेऊन चक्कर मारत असतो. त्याची गरज आणि तुमची हौस एकाच महिन्यात भेटतात.

आता मला सांगा, तुमचे वडील मेंढरं बसवायला एखाद्या शेतकऱ्याकडे कसे जात? चौघांना घेऊन, तिन्हीसांजेला, दारातूनच ‘तुमच्या रानात येऊ का?’ असं विचारत? मी साताऱ्याकडचीच आहे, आमच्या दारात येणारे धनगर मी पाहिले आहेत. एकटा माणूस यायचा, सकाळी. काठी भिंतीला टेकवून ठेवायचा. पाणी प्यायचा. औंदा पाऊस कसा झाला, ज्वारी काय म्हणते, बैलाचा खांदा बरा झाला का, असं सगळं झालं की मग सावकाश वाघूर (मेंढरं कोंडायची जाळी) कुठे लावायची याची गोष्ट निघायची. शेतकऱ्याला खत हवं असायचं आणि त्याला जागा. पण बोलणं खतावरून सुरू व्हायचं, जागेवरून नाही. तुम्हाला हे मी शिकवायला नको. इंग्रजीत बोलायची वेळ आली म्हणून तुम्ही ते विसरलात, एवढंच.

तर शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला जा. एकटे. साधी जीन्स, साधा शर्ट, लष्करी छापाचे कपडे नकोत. बंदूक घरी राहू द्या, गाडीतही नको. कुंपणाच्या खांबांवर, झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर आत शिरू नका. टेक्सासात त्या पट्ट्यांना ‘प्रवेश मना’ या पाटीइतकाच कायदेशीर अर्थ आहे. तिथे आधी फोन किंवा पत्र. मालक कोण हे काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी जमिनीची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) नोंदीत सापडतं, त्या नोंदी कोणालाही बघता येतात. पण एक खबरदारी घ्या : ज्याची गुरं चरताना दिसतात तो मालक असेलच असं नाही. चराईपुरती जमीन भाड्याने घेतलेला शेजारीही असू शकतो. परवानगी मालकाची घ्या, आणि गुरंवाल्याला सांगितल्याशिवाय पाऊल टाकू नका.

घरी पोचलात की दार वाजवून चार पावलं मागे या, हात दिसू द्या. नाव सांगा. ते त्यांना उच्चारता आलं नाही तरी हसून दुसऱ्यांदा सांगा. कुठे राहता, काय करता ते सांगा. मग तुमच्याजवळ जे आहे आणि तुमच्या मित्राजवळ नाही, ते बोला : ‘माझ्या वडिलांचा मेंढ्यांचा कळप आहे. आमच्याकडे लांडगे येतात. तुमच्याकडे कायोटींचा त्रास आहे का?’ आणि थांबा. त्या बाई किंवा तो बाप्या बोलू लागला की मध्ये बोलू नका. ‘कायोटी’ला तो ‘कायोट’ म्हणेल, गुरंवाली माणसं तसंच म्हणतात. तुम्ही दुरुस्त करू नका.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली एक सकाळ सांगते. गोल्डथ्वेटकडच्या एका शेळीवाल्याने बोलावलं होतं. रात्रीत तीन करडं गेली होती. त्याने एक करडू पिकअपच्या फळीवर ठेवलं होतं, अंगावर दव तसंच. बाहेरून फारसं काही दिसत नव्हतं, गळ्याशी जबड्याच्या मागे चार छोटी भोकं. मी तिथली कातडी सोलून त्याला आतली बाजू दाखवली. सगळी काळीनिळी, रक्त साकळलेलं. याचा अर्थ करडू जिवंत असताना गळा धरला होता. आधीच मेलेलं करडू कोणी खाल्लं असतं तर तिथे रक्त साकळलं नसतं. आणि गावातल्या मोकाट कुत्र्यांनी धरलं असतं तर मागच्या मांड्या, कान, शेपटी, सगळीकडून फाडलेलं दिसलं असतं. हे कायोटीचंच काम होतं. तो माणूस काही बोलला नाही. टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाला, ‘यातलं एक करडू माझ्या नातीचं होतं.’

अशा माणसाच्या दारात तुम्ही जाणार आहात. ‘मला कायोटी मारायला आवडेल’ असं त्याला सांगू नका. त्याला काय आवडेल ते विचारा.

काही जण सांगतील की आमच्या रानातल्या कायोटींना हात लावू नका. वाद घालू नका, कारण त्यांचं बरोबर असू शकतं. एखादी जोडी वर्षानुवर्षं एका भागात राहते, ससे-उंदीर खाते, वासरांच्या वाटेला जात नाही, आणि बाहेरच्या कायोटींना आत येऊ देत नाही. ती जोडी मारली की जागा रिकामी होते आणि कोणते पाहुणे येतील ते सांगता येत नाही. नुसत्या शिकारीने कायोटी कमी होतात या भ्रमात तुम्हीही राहू नका. शंभर वर्षांहून अधिक काळ या देशाने त्यांना गोळ्या घातल्या, विष घातलं, सापळे लावले. कायोटी पूर्वी पश्चिमेकडच्या मोकळ्या माळांवर होते, आज ते पार अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पोचले आहेत. विण्याच्या दिवसांत कळपाला चटावलेला एखादा जनावर नेमका मारला तर शेतकऱ्याला दिलासा मिळतो. तेवढंच काम आपण करू शकतो, आणि तेवढंच कबूल करावं.

मालक ‘हो’ म्हणाला, की खरी जबाबदारी सुरू होते. तोंडी शब्द ठीक आहे, पण एका कागदावर लिहून घ्या : कोणती जमीन, कोणत्या तारखा, दिवसा की रात्री, कोण कोण येणार, गाडीचा नंबर. खाली त्यांची सही. तो कागद, परवाना आणि ओळखपत्र सोबत ठेवा. परवानगीशिवाय कोणाच्या रानात बंदूक घेऊन सापडलात तर टेक्सासात तो क्लास ए मिस्डिमीनर (किरकोळ गुन्ह्यांतला सर्वांत वरचा वर्ग) आहे, वर्षभरापर्यंत कैद आणि चार हजार डॉलरपर्यंत दंड. व्हिसावरच्या माणसाला तर त्याची झळ तुरुंगाच्याही पुढे लागते. पैसे देऊ करण्याआधीही विचार करा. पैसे घेऊन शिकारीला जमीन देणाऱ्या मालकाला पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचा लीजचा परवाना काढावा लागतो, ती कटकट बऱ्याच जणांना नको असते. पाहुण्याला इजा झाली तर काय, ही भीती मालक बोलून दाखवेल. मोफत करमणुकीसाठी जमीन वापरू देणाऱ्याला टेक्सासच्या कायद्यात बरंच संरक्षण आहे, तरीही ‘माझी जबाबदारी माझी’ असं त्याच कागदावर तुम्ही होऊन लिहून द्या. त्या एका ओळीने चेहरे सैल होतात, मी पाहिलं आहे.

मग मालकाला गाडीत बसवून किंवा त्याच्या पिकअपमध्ये बसून दिवसा सगळी जमीन बघून घ्या. हद्द कुठे, घरं कुठे, पाण्याची टाकी कुठे, तेलाचे पंप कुठे. शिकार करताना जाणूनबुजून गोळी हद्दीपलीकडे मारणं हा टेक्सासात वेगळा गुन्हा आहे, दोन्ही मालकांचा लेखी करार असल्याशिवाय तसं करता येत नाही. जखमी कायोटी कुंपण ओलांडून शेजाऱ्याकडे गेला तर त्याच्या मागे जाता येत नाही. म्हणून शेजाऱ्याचाही फोन नंबर मागून घ्या. रात्री जाणार असाल तर त्या भागातल्या गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) आणि शेरीफच्या ऑफिसला आधी कळवा. रानात फिरणारा दिवा बघून कोणीतरी फोन करतंच.

आणि राखणीचे कुत्रे. भाऊ, हे मी हात जोडून सांगते. इथे बऱ्याच कळपांत ग्रेट पिरनीज किंवा अनातोलियन जातीचे मोठे कुत्रे कळपाबरोबरच वाढवतात, आपल्याकडे वाड्यावर कुत्री असतात तसेच. रात्री ते कळप सोडून अर्धा मैल लांब जाऊन गस्त घालतात. शेजारच्या रानातही जातात. अंगाच्या उष्णतेवरून जनावर दाखवणाऱ्या थर्मल दुर्बिणीतून पांढरा रंग दिसत नाही. दिसतं ते चार पायांचं, कान उभे की पडलेले हे न कळणारं एक चमकतं जनावर. माझ्या टेबलावर अशी एक पिरनीज मादी आली होती, खांद्यातून गोळी आरपार. मारणाऱ्याकडे शेजारच्या रानाची परवानगी होती, त्याने काही लपवलं नाही, तोच तिला उचलून घेऊन आला होता आणि रडत होता. तिचा पाय काढावा लागला. ती जगली, पण कळपावर परत जाऊ शकली नाही. त्या वसंतात त्या मालकाची एकोणीस कोकरं गेली. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा : कुत्रे किती, कोणते, रात्री कुठवर जातात, राखणीला गाढव किंवा लामा (उंटाच्या कुळातलं जनावर) आहे का, आजूबाजूला कोणाचे कुत्रे आहेत. आणि चेहरामोहरा, शेपटी, चाल, तिन्ही ओळखू आल्याशिवाय बोट ट्रिगरकडे जाऊ देऊ नका. संधी गेली तर गेली.

बाकीच्या गोष्टी तुमच्या रक्तात आहेत, तरी एकदा बोलून टाकते. फाटक जसं होतं तसंच ठेवा. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद, कारण पाण्यासाठी मुद्दाम उघडं ठेवलेलं फाटक तुम्ही लावलंत तर गुरं तहानेने मरतील. पाऊस झालेला असेल तर गाडी रस्त्यावर ठेवा. ओल्या रानात चाकोरी पडली की गव्हात वर्षभर दिसते. काडतुसांच्या पुंगळ्या वेचा. मेलेला कायोटी कुठे टाकायचा ते आधीच विचारा, कुंपणावर टांगू नका, रस्त्याकडेच्या चारीत टाकू नका. हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नका. दक्षिण टेक्सासात १९८८ पासून कायोटींमधून रेबीज पसरला होता. विमानातून लसीची आमिषं टाकायला १९९५ साली सुरुवात झाली आणि तो प्रकार आटोक्यात आला, पण रानातल्या जनावराच्या लाळेबद्दल बेफिकीर राहायचं कारण नाही. जिवंत कायोटी किंवा त्याचं पिल्लू गाडीत घालून कुठेही नेऊ नका, रेबीजमुळेच त्यावर बंदी आहे.

दर वेळी जाण्याआधी फोन. परतताना चार ओळींचा मेसेज : दोन दिसले, एक मारला, पूर्वेच्या कोपऱ्यात तार तुटली आहे, हौदाचा फ्लोट अडकून पाणी वाहतंय, लाल गाय वेगळी पडून आहे. तुम्हाला अजून कळलं नसेल, पण सत्तरी गाठलेल्या आणि मुलं शहरात गेलेल्या शेतमालकाला रात्रीच्या रानावर फिरणाऱ्या डोळ्यांची किंमत गोळीपेक्षा जास्त असते. माझ्या ओळखीच्या एका माणसाने ज्या मुलाला कायोटीसाठी आत घेतलं, त्याने पहिल्या वर्षी एकही कायोटी मारला नाही. पण त्याने एक अडलेली कालवड रात्री दोन वाजता पाहिली आणि मालकाला उठवलं, मालकाने मला. कालवड आणि वासरू दोन्ही वाचली. त्या मुलाकडे आता तीन शेजाऱ्यांच्याही फाटकांच्या किल्ल्या आहेत.

नकार आला तर ‘वेळ दिलात, आभारी आहे’ म्हणा. नाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा, ‘कधी कुंपणाला हात लागणार असला तर कळवा, मी येईन’ असं सांगा, आणि सांगितलंत तर खरंच जा. ज्याने शेरीफला फोन करतो म्हटलं त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. बाकीच्या सहांपैकी कोणाकडे जावंसं वाटलं तर पहिल्या वाक्यात माफी मागा, की त्या दिवशी आम्ही अवेळी आणि घोळक्याने आलो, ती चूक झाली. शेळ्यामेंढ्यांच्या लिलावाच्या बाजारातही एक-दोनदा जाऊन बसा. तुम्हाला जनावराचे दात बघता येत असतील, कास बघता येत असेल. कठड्याला टेकून एखाद्या म्हाताऱ्याशेजारी उभे राहा आणि त्याला विचारा, यंदा कोकरं कधीपासून यायला लागली.